बॉनेटच्या कडेचं स्वस्तिक

शिरूरला नगर रस्त्यावर एका जुन्या मिस्त्रींचं गॅरेज आहे. गाडीला हात लावण्याआधी ते अंगठी काढतात, पट्ट्याचं बक्कल पाठीमागं फिरवतात आणि "चरा नको," असं स्वतःलाच बजावतात.

न्हावऱ्याच्या रस्त्यावर माझ्या पांढऱ्या गाडीचं बॉनेट चालता चालता उघडलं, म्हणून बॉनेट वरून अडकवून ठेवणाऱ्या जुन्या धर्तीच्या पिना बसवायला मी त्यांच्याकडे गेलो. त्यांनी बॉनेटखालच्या पट्टीवर दोन पिना उभ्या केल्या, टोकांना तंबाखूच्या डबीतला चुना लावला आणि बॉनेट अलगद टेकवलं. आतून चुन्याचे ठिपके उमटले. तिथंच भोकं पाडायची. पण रंग उडू नये म्हणून भोकांच्या जागी वरून चिकटपट्टी लावताना ते थांबले.

"ह्ये कुणी काढलंय?"

गाडी घेतली तेव्हा आईनं ओल्या कुंकवानं काढलेल्या स्वस्तिकाचा तो पुसट डाग होता, नेमका एका भोकाच्या जागी. बुटक्या आईचा हात मधोमध पोचला नव्हता, म्हणून कडेला.

"आईनं. आता ती नाही. पाडा तुम्ही भोक."

"न्हाई," ते म्हणाले. "रंग परत मारता यील. ह्ये कुठनं आणू?"

त्यांनी दोन्ही पिना काढून आणखी कडांकडे सरकवल्या आणि काम पहिल्यापासून केलं.

पिना एकमेकींपासून फार लांब बसल्यात, असं बघणारे म्हणतात. बसू देत. आईचा हात पोचला होता तेवढी जागा त्यांनी मोकळी ठेवली.