जिल्ह्यात नसलेली गाडी

ती घटना मला आजही विसरता आलेली नाही. आठवली की आधी स्वतःचाच राग येतो.

नव्वदच्या दशकात मी नगर-पुणे रस्त्यावरील एका ठाण्यात उपनिरीक्षक होतो. पोळ्याच्या आदल्या दिवशी सकाळी, सुप्याच्या कारखान्यात सायकलवरून कामाला निघालेल्या एका बाईला मोटारीने मागून उडवले. चालक थांबला नाही. बाईचा उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला, नोकरीही गेली.

रुग्णालयात मी तिचा जबाब घेतला.

"साहेब, जुनी गाडी हुती. हिरवी. मागून गोल, कासवाच्या पाठीवानी."

बरोबरचा हवालदार हसला. मीही म्हणालो, "बाई, असल्या गाड्या आता आपल्या जिल्ह्यात राहिल्यात कुठे? नीट आठवा."

"पाय माझा गेलाय, साहेब. मला न्हाई आठवायचं तर कुनाला?"

तरीही मी कागदावर 'अज्ञात वाहन' लिहिले आणि काही महिन्यांनी 'अ' समरी पाठवली. म्हणजे गुन्हा खरा, आरोपी सापडत नाही. फाईल बंद.

पुढच्या वर्षी मी हौसेने एका डॉक्टरांची जुनी लँडमास्टर घेतली. अँबॅसेडरच्या आधीचे मॉडेल, गोल पाठीचे. त्या आठवड्यापासून मला जिकडेतिकडे लँडमास्टर दिसू लागल्या. श्रीगोंद्याच्या बाजारात एक, पुणतांब्याला कडब्याच्या गंजीआड ताडपत्रीखाली एक. आणि एक हिरवी, आमच्याच ठाण्याच्या आवारात! शांतता समितीच्या बैठकीला येणाऱ्या एका बड्या बागायतदाराची. आम्ही त्यांना उठून खुर्ची द्यायचो. ती गाडी कित्येक वर्षे तिथेच लागत होती.

नगरमध्ये या गाड्यांचे काम करणारा एकच म्हातारा मेकॅनिक होता. त्याला गाठून त्या हिरव्या गाडीबद्दल विचारले.

"व्हय, डावा दिवा फुटला हुता," तो म्हणाला. "ऐन पोळ्याच्या दिवशी गाडी आणली. मालक म्हनले, म्हैस आडवी आली."

न्यायालयाला कळवून मी तपास पुन्हा उघडला आणि बागायतदाराला चौकशीला बोलावले.

"म्हैस कुणाची होती?" मी विचारले.

"असंल कुनाची तरी."

"पोळ्याच्या तोंडावर शेतकऱ्याचं जनावर उडवलंत आणि भांडायला कुणीच आलं नाही?"

त्यांनी खुर्ची मागे सारली. मग म्हणाले, "बाई जिवंत हाय ना? मग एवढं काय लावलंय?"

माझी मूठ टेबलाखालीच राहिली, एवढेच.

तिची सायकल मुद्देमालाच्या खोलीत धूळ खात पडली होती. मडगार्डवरचा हिरवा ओरखडा पंचनाम्यात आम्हीच नोंदवला होता आणि आम्हीच विसरलो होतो. प्रयोगशाळेत तो गाडीच्या रंगाशी जुळला. आरोपपत्र गेले, बागायतदाराला शिक्षा झाली.

निकाल सांगायला मी तिच्या घरी गेलो. गाडी कशी सापडली, तेही सांगितले. तिने कुबडी भिंतीला टेकवली आणि माझ्याकडे बघत विचारले, "म्हंजी तुमी तसली गाडी घेतली नसती, तर मी खोटीच ठरले असते?"

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत कुणाचाही जबाब घेताना, ऐकलेले मला खरे वाटते की नाही, हे मी बाजूला ठेवले. आधी जाऊन बघितले.