एस्तूचा डीब्रीफ

अध्यक्षांनी बिस्किटांची प्लेट पुढे केली आणि माझी सहा वर्षांची पोरगी धपकन गुडघ्यावर बसली. दोन्ही हात पुढे, मान खाली. एक बिस्कीट उचललं, तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटली आणि तशीच बसून राहिली.

"अगं ऊठ, खुर्चीवर बस," अध्यक्ष म्हणाले.

एस्तू हलली नाही.

"नाव काय तुझं?"

तिनं फरशीकडे बघत ओठ हलवले. आवाज काही आला नाही.

"शाळेत जातेस ना तिकडे? मैत्रिणी आहेत का?"

पुन्हा फरशी. मी शेजारी बसून मनात म्हणतेय, अगं बोल बाई, एरवी तर तोंडाला कुलूप घालावं लागतं!

नांदेडला आमच्या मिशन बोर्डाचं ऑफिस आहे, तिथली ही गोष्ट. मी नर्स आहे, मूळची उदगीरची. माझा नवरा दानिएल मुदखेडचा. तो पंप दुरुस्त करतो, बोअरचं बघतो आणि रविवारी उपदेश करतो. बोर्डानं आम्हाला आफ्रिकेत, मलावी देशातल्या एका खेड्यात पाठवलं. तिथल्या छोट्या दवाखान्यात मी बाळंतपणं करते. गेलो तेव्हा एस्तू रांगत होती. धाकटा शिमू तर तिथंच झाला.

मिशनरी म्हटलं की आपल्याकडं अजून लोकांना गोरा साहेब आठवतो. आता उलटं झालंय. उदगीरची नर्स आणि मुदखेडचा पंपवाला तिकडं जातात. एका नेमणुकीला 'टर्म' म्हणतात. टर्म संपली की काही महिने घरी यायचं, मंडळ्यांना, म्हणजे इथल्या चर्चमधल्या लोकांना, भेटायचं आणि बोर्डापुढं 'डीब्रीफ' द्यायचा. डीब्रीफ म्हणजे समोर बसवून केलेली विचारपूस. तब्येत कशी आहे, काम झेपतंय का, नवरा-बायकोचं पटतंय का. मुलांशीही बोलतात. लेकरू तिकडं खचलंय असं दिसलं, तर त्या कुटुंबाला परत पाठवत नाहीत. नियम चांगला आहे. माझी त्याला कधीच हरकत नव्हती. पण तो माझ्याच घरावर येईल असं वाटलं नव्हतं.

आमचे अध्यक्ष म्हणजे वाघमारे सर, रिटायर्ड हेडमास्तर, राहणार उदगीर. सत्तरी ओलांडलेली, पाठ ताठ, कडक इस्त्रीचा शर्ट आणि केस डांबरासारखे काळे. एक वेळ रविवारची उपासना चुकेल, पण सरांचा डाय चुकायचा नाही. लहानपणी संडे स्कूलमध्ये त्यांनीच आमच्याकडून वचनं पाठ करून घेतली. छडी कधी मारली नाही, हातात मात्र कायम असायची.

त्यांनी मुलांना बाहेर पाठवलं आणि दार लोटलं.

"पोर दबलेलं आहे," सर म्हणाले.

"न्हाई सर. तिकडची रीतच तशी आहे. मोठ्यांकडून काही घेताना पोरी गुडघ्यावर बसतात. डोळ्याला डोळा देत नाहीत. विचारलं तर अगदी हळू बोलतात. तिकडं ह्यालाच आदर म्हणतात."

"रीत म्हणून लेकराची वाचा जाते का?"

"घरी डोकं उठवती ती आमचं! दानिएल, सांगा की."

दानिएलनं मान हलवली. त्याची साक्ष म्हणजे तेवढीच.

"सुनंदा," सरांनी हात वर केला. "मी आयुष्यभर पोरं बघितली. कोणी मारतं का तिला तिकडं? शाळेत, शेजारी?"

"न्हाई हो सर!"

"मग आणखी एक सांगतो. आपल्या आज्या-पणज्यांनी गावात वाकून वाकून कंबर मोडून घेतली. दुसऱ्याच्या दारात खाली बसले, वरून ओतलेलं पाणी ओंजळीनं प्याले. तिथून उठून उभं राहायला आपल्याला किती पिढ्या लागल्या? आणि माझ्या मंडळीतलं लेकरू माझ्याच पुढं गुडघ्यावर? मला बघवलं नाही, बाई."

माझा आजाही त्यातलाच. मी गप्प बसले. मी गप्प बसले म्हणून दानिएलनं दचकून माझ्याकडं बघितलं.

सरांनी निकाल पुढं ढकलला. हंगामाच्या सणापर्यंत उदगीरला राहा, पोरीला मोकळं होऊ द्या. सणाला मी असेनच, तेव्हा बघतो. फरक दिसला नाही तर तुमची दुसरी टर्म रद्द, तिकडं दुसऱ्या नर्सला पाठवू.

आम्ही एसटीनं उदगीरला निघालो. आणि बाईसाहेबांचं तोंड सुटलं! हे झाड कसलं, ती म्हैस कोणाची, कंडक्टरला मिशा का, ड्रायव्हर काकाला शू आली तर गाडी कोण चालवतं. जळकोट येईपर्यंत अख्ख्या गाडीला कळलं होतं की आमच्या मलावीच्या घरी एक लंगडी कोंबडी आहे. पुढच्या सीटवरचा फेट्यावाला बाबा मागं वळून म्हणाला, "लेकरू लई बोलकं हाय तुमचं." मला हसावं की रडावं कळेना.

"एस्तू, मग त्या सरांशी का नाही बोललीस?"

"ते बाबाचे मोठे साहेब आहेत ना? मोठ्या साहेबांपुढं गप बसायचं असतं," ती म्हणाली आणि पुन्हा खिडकीला चिकटली.

उदगीरला माझ्या भावाच्या घरी राहिलो. तिथं आणखी नवा ताप. एस्तू दूधवाल्याला पैसे द्यायला गुडघ्यावर बसायची. शेजारच्या काकूंनी लाडू दिला तरी गुडघ्यावर. काकू मला म्हणाल्या, "अगं सुनंदा, लेकराला काय मोलकरणीवाणी शिकवायलीस?" मी हसण्यावारी नेलं, पण ते लागलं. भांडी घासता घासता तेच तेच डोक्यात फिरायचं. हे वळण पोरीला मी लावलं नव्हतं. मी दवाखान्यात, कुणाच्या ना कुणाच्या बाळंतपणात. एस्तू सगळा दिवस आमच्या म्हाताऱ्या शेजारणीकडं. आजी-आजोबांना तिकडं 'अगोगो' म्हणतात. तिनंच हिला बसायला, घ्यायला, द्यायला शिकवलं. तिच्याकडं हिचं खिदळणं दवाखान्यापर्यंत ऐकू यायचं. मला ते बरं वाटायचं. आता मात्र वाटायला लागलं, जगाची बाळंतपणं करता करता माझं लेकरू माझ्या हातातून तर नाही ना गेलं? सर खरं बोलत असतील तर?

त्यात एस्तूचा रोजचा प्रश्न. "आई, घरी कधी जायचं?"

"अगं, हे घरच आहे."

"हे मामाचं. आपल्या घरी कधी जायचं?"

मी कंबर कसली. आपला स्वभाव असा, काही बिघडलं की लगेच दुरुस्तीला बसायचं. पोरीची तालीम सुरू केली. ताठ उभं राहायचं. डोळ्यात बघायचं. मोठ्यानं सलाम, म्हणजे आम्हा ख्रिस्ती लोकांचा नमस्कार, म्हणायचा. नाव विचारलं की खणखणीत सांगायचं. दानिएल म्हणाला, "राहू दे गं, पोपट करशील तिचा." मी म्हटलं, "तुम्ही पंप बघा."

हंगामाचा सण आला. आमच्याकडं नवं पीक निघालं की त्यातला पहिला वाटा लोक देवळात, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, आणतात. ज्वारीची कणसं, तुरीच्या शेंगा, हरभऱ्याचे ढाळे, ऊस, भोपळे, एखादी कोंबडीसुद्धा. उपासना झाली की आवारात त्याचा लिलाव होतो आणि साध्या लिंबावरूनही चढाओढ लागते. दरवर्षी लिलाव पुकारतात वाघमारे सर.

दारातच सर भेटले. मी एस्तूला कोपरानं ढोसलं.

झालं! पोरगी खाडकन ताठ झाली, सरांच्या डोळ्यांत डोळे रुतवले, पापणी लवू दिली नाही आणि ओरडली, "सलाम सर! माझं नाव एस्तेर दानिएल सोनकांबळे!" देवळातली पाखरं उडाली. सर एक पाऊल मागं सरकले. तिच्या कपाळावर घाम आला होता. माझ्याकडं बघत ती हळूच म्हणाली, "बरोबर म्हटलं का?"

सरांनी ते ऐकलं. त्यांनी माझ्याकडं बघितलं. त्या बघण्यात सगळं आलं. संपलं, मी मनात म्हटलं. होतं ते मीच घालवलं. अख्ख्या उपासनेत माझं लक्ष नव्हतं. गाणं कोणतं झालं तेही आठवत नाही.

लिलाव सुरू झाला. सगळी गर्दी सरांभोवती. पलीकडं कडुलिंबाच्या झाडाखाली सतरंजीवर सरांची आई बसली होती. सगळी मंडळी त्यांना माय म्हणते. नव्वदीच्या घरातल्या. तोंडात दात नाही, कानाला कमी. येणारा-जाणारा वाकून "सलाम माय" म्हणायचा आणि पुढं जायचा.

माझं लक्ष गेलं तेव्हा एस्तू पाण्याचा ग्लास घेऊन तिकडं चालली होती. मी धावले, पण मधे माणसं. तोवर ती मायपुढं गुडघ्यावर बसलीसुद्धा. दोन्ही हातांनी ग्लास दिला. मायचे हात थरथरत होते, तर हिनं खालून ग्लासाला आधार दिला. पाणी पिऊन होईपर्यंत तिथंच थांबली. आणि मग ग्लास घेऊन मायच्या अगदी कानाशी तोंड नेऊन विचारलं,

"तुझे दात कुठं गेले गं?"

मी माणसं बाजूला सारत कशीबशी तिथं पोचले.

"आँ? दात?" माय म्हणाल्या. "उंदरानं नेले!"

"मग ऊस कशी खाणार? थांब, मी चावून देते. तू नुसता रस गिळ."

"अगं बया! कोणाचं गं हे लेकरू?"

"आणि तुझं लग्न झालंय का?"

"झालं व्हतं की."

"खोटं! एवढ्या म्हातारीशी कोण लग्न करतंय?"

माय हसायला लागल्या. अशा हसल्या की ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं, पदर घसरला. एस्तू त्यांची पाठ चोळतेय आणि स्वतःही खिदळतेय. हेच खिदळणं मला दवाखान्यात ऐकू यायचं. तिकडं लिलाव थांबला. सरांच्या हातात भोपळा होता, तो तसाच घेऊन ते आले. मागं सगळी मंडळी.

"माय, काय झालं?"

"काय न्हाई रे. ही म्हणती, माझ्याशी कोणी लगीन करत न्हाई." आणि पुन्हा हसू.

आता मला सुचलं. तिकडं आई-बापाच्या वयाच्या माणसापुढं लेकरं मान वर करत नाहीत. पण अगोगोची गोष्ट निराळी. आजी-आजोबा आणि नातवंडांनी एकमेकांची चेष्टाच करायची असते. दात काढायचे, खोड्या काढायच्या, वाट्टेल ते बोलायचं. जी नातवंडं चेष्टा करत नाहीत त्यांच्यावर म्हातारी माणसं रुसतात. मी हे भराभरा सरांना सांगितलं.

सर ऐकत होते, पण त्यांची नजर मायवर होती. एस्तू अजून मायच्या पुढ्यात गुडघ्यावरच होती.

"उठव की तिला," सर मला म्हणाले, पण आवाजात आधीची धार नव्हती.

"कशापायी उठवतो?" माय म्हणाल्या. "मी खाली बसलेली. तुम्ही समदे उभ्यानं सलाम करता आन् जाता. मला ऐकू येत न्हाई. हिचं समदं ऐकू आलं."

सरांनी भोपळा खाली ठेवला आणि स्वतः सतरंजीवर बसले. इस्त्रीची पँट घालून. मी उगाच शिमूचं नाक पुसत बसले.

"काय गं एस्तू," सर म्हणाले. "मायशी एवढं बोलतेस, मग मी काय घोडं मारलं होतं तुझं? मीही म्हाताराच आहे की."

एस्तूची मान परत खाली गेली. तिनं माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, "सांग. तुझ्या मनात आहे तेच सांग." तालमीचा मी नाद सोडला होता.

"तुम्ही अगोगो नाही," ती फरशीऐवजी सतरंजीला सांगत म्हणाली. "तुमचे केस काळे आहेत."

बायकांनी तोंडाला पदर लावले. हेडमास्तर ते! मग मायच म्हणाल्या, "सांगत व्हते तुला, रंग लावू नगंस म्हणून!" आणि सगळं आवार हसत सुटलं. दानिएल, जो वर्षातून दोनदा हसतो, तो झाडाला टेकून हसत होता.

पुढच्या आठवड्यात बोर्डाची मंजुरी आली. सरांनी फोनवर एवढंच सांगितलं, "तुमची टर्म पक्की. पोरीची तालीम मात्र बंद करा."

निघायच्या दिवशी उदगीर स्टेशनवर हैदराबादची गाडी लागली होती. आम्ही बॅगा चढवत होतो. फलाटावरून एक म्हातारे गृहस्थ लगबगीनं आले. बारीक कापलेले केस, पांढरे शुभ्र. आवाज आला तेव्हा ओळखलं. वाघमारे सर! हातात मायनं एस्तूसाठी पाठवलेली उसाची कांडकी होती.

एस्तूनं गुडघ्यावर बसून दोन्ही हातांनी ती घेतली. मग मान वर करून त्यांच्या डोक्याकडं बराच वेळ बघत राहिली. नंतर नजर खाली पोटावर आली.

"अगोगो," ती म्हणाली, "तुझ्या पोटात बाळ आहे का? माझी आई काढून देईल."

सर इतके हसले की गार्डानं शिट्टी मारली तरी त्यांना डब्यापासून बाजूला होता येईना.

आता दुसरी टर्म चालू आहे. दुसरी कुटुंबं टर्म संपवून घरी निघाली की मला फोन करतात, मुलांच्या डीब्रीफसाठी काय शिकवायचं म्हणून विचारतात. मी सांगते, मुलांना काही शिकवू नका. आधी चौकशी करा, अध्यक्ष डाय लावतात का.