काही झालेलं नाही, घरी न्या

डॉ. सुहासिनी रिसबूड यांना 'अग्रणी' म्हणायला पुण्याला पन्नास वर्षं लागली. तोवर लोक त्यांना 'त्या तुसड्या बाई' म्हणत आणि मूल तापलं की त्यांच्याकडेच नेत.

त्यांनी लहान मुलांचं डॉक्टर व्हायचं ठरवलं तेव्हा त्यांच्या सरांनी समजूत घातली की बायकांनी बायकांची बाळंतपणं करावीत, मुलांचं शास्त्र फार अवघड असतं. मुलं बायकांनाच होतात, हे सरांच्या लक्षात आणून द्यायचा मोह सुहासिनीबाईंना झाला आणि त्यांनी तो आवरला नाही. त्यामुळे तोंडी परीक्षा त्यांना दोनदा द्यावी लागली.

दवाखाना त्यांनी कर्वेनगरला थाटला. कर्वेनगर तेव्हा पुण्यात आहे की पुण्याबाहेर, यावर खुद्द कर्वेनगरचं एकमत नव्हतं. मुलांना वेगळा डॉक्टर लागतो हेही कुणाला पटत नसे. मोठ्यांची गोळी अर्धी मोडून दिली की झालं, असा समज होता. मूल कडेवर घेऊन आलेले बाप खुर्चीतल्या बाईंकडे बघून विचारायचे, "डॉक्टर केव्हा येतील?"

"आल्यात. आपण जरा समोर बघितलंत तर दिसतील," असं उत्तर मिळायचं.

यजमान बँकेत होते. त्यांचं नाव बाळ. लहान मुलांच्या डॉक्टरणीचा नवरा बाळ, हा विनोद पेठेतल्या नातेवाइकांनी लग्नाच्या पंगतीपासून जो सुरू केला तो बाळासाहेब जाईपर्यंत पुरवला. संध्याकाळी बँकेतून येऊन ते दवाखान्याच्या बाकावर पेपर वाचत बसत, आणि येणारा जो तो त्यांनाच नमस्कार करून मुलाचं दुखणं सांगे. बाळासाहेब सगळं ऐकून घेत आणि मग म्हणत, "छान. आता हेच आत सांगा. मला सांगून गुण येत नाही."

एका उन्हाळ्यात धायरीला पोरांना जुलाब-उलट्यांची साथ लागली. धायरी तेव्हा खेडं होतं. सुहासिनीबाई लूनावर बसून रोज जायच्या. मुक्ताई नावाच्या बाईचं तान्हं पोर, वैजनाथ, डोळे खोल गेलेले, रडायचीही ताकद नाही, असं पडलं होतं. घरच्या जाणत्यांनी त्याचं पाणी तोडलं होतं. बाईंनी मीठ-साखरेचं पाणी कालवायला घेतलं तेव्हा मुक्ताईनं त्यांचा हात धरला.

"ढाळ लागल्यात त्याला, अन् तुमी वरनं पानी पाजताय व्हय?"

बाईंनी वाद घातला नाही. जमिनीवर मांडी घालून पोर घेतलं आणि चमच्याचमच्यानं पाजत बसल्या. ओसरीवर जाणत्यांची सभा भरली होती. शहरातली बाई, त्यात तिला स्वतःचं मूल नाही, तिला काय कळतंय, असा एकंदर सूर होता. बाईंना तो ऐकू येत होता. तेव्हा त्यांचे कान फार तिखट होते. दुपार टळून ऊन उतरलं तेव्हा वैजनाथनं त्यांच्या मांडीवर, चांगल्या इरकली साडीवर, लघवी केली. इतक्या वेळात कोरडं पडलेलं पोर ओलं झालं म्हणजे वाचलं. सुहासिनीबाई एवढ्या मोठ्यानं हसल्या की ओसरीवरची सभा उठून आत डोकावली. मुक्ताई पाया पडायला वाकली तर म्हणाल्या, "पायांचं राहू दे. विहिरीचं पाणी उकळा आधी."

पुढे धायरीच्या शेतांत इमारती उगवल्या आणि त्या उभ्या करणाऱ्यांत वैजनाथ आघाडीवर होता. बाळासाहेब गेले, कर्वेनगरची इमारत पाडून नवी बांधायला घेतली, दवाखाना बंद झाला. बाई घरी बसून शेजाऱ्यांना अस्पष्ट बोलतात म्हणून रागावू लागल्या. अशात वैजनाथ पेढे घेऊन आला. त्यानं मुलांचं मोठं हॉस्पिटल बांधलं होतं, 'बालांकुर', बाहेरून सगळी काच. बरोबर दिग्विजय नावाचा तरुण होता. रुग्णांना हॉस्पिटलात आल्याचा आनंद व्हावा, हे पाहण्यासाठी त्याला पगार मिळत होता.

वैजनाथचं मागणं एवढंच होतं की बाईंनी तिथे नुसतं बसावं. बाई म्हणाल्या, नुसतं बसायला घरी खुर्ची आहे, मुलं तपासू देणार असाल तर येते.

"ऑफ कोर्स, मॅम," दिग्विजय म्हणाला. "यू आर अवर लेगसी."

लेगसी माणूस गेल्यावर उरते, एवढं बाईंना ठाऊक होतं. तरी त्या गेल्या. घरात दुसरं काय होतं?

वारज्याच्या पुलापासून धायरी फाट्यापर्यंत त्यांचे फलक लागले. फोटोग्राफरनं सकाळभर 'आजी, थोडं हसा' करून पाहिलं आणि शेवटी हसू कॉम्प्युटरवर बसवलं. जुने पेशंट फलकापुढे गाडी थांबवून विचारू लागले, ह्या कोण?

हॉस्पिटलची रचना अशी होती की शिंकणारं मूल तळमजल्यावर आत यावं, मजल्यामजल्यानं रक्त, एक्स-रे, आहारतज्ज्ञ, वर्तनतज्ज्ञ असं वर चढावं आणि जाडजूड फाइल घेऊन उतरावं. तोवर सर्दी बहुधा बरी झालेली असे आणि श्रेय हॉस्पिटलला जाई. बाईंची मुलं मात्र तळमजल्यावरूनच परत फिरायला लागली. मूल बघायचं, पोट दाबायचं, छाती ऐकायची आणि म्हणायचं, "काही झालेलं नाही, घरी न्या." अपेक्षा नावाची एक आयटीतली आई मोबाइलवर बाळाच्या झोपेचा आलेख घेऊन आली, गेला आठवडा स्कोअर खाली चाललाय म्हणून तिला स्वतःला झोप नव्हती. बाई बाळाकडे बघत होत्या. ते हसत होतं.

"याला दाखवलात का हा आलेख?" त्यांनी विचारलं. "त्याला माहीत नसावं."

अपेक्षा आधी चिडली आणि मग सोसायटीतल्या सगळ्या आयांना घेऊन आली.

दिग्विजयनं फार आदरानं समजावलं की पालकांना काहीच केलं नाही असं वाटतं. बाई म्हणाल्या, "त्यांना बरोबर वाटतं. काहीच न करायला मला वीस वर्षं शिकावं लागलं." काढून टाकावं तर रस्ताभर फलक होते. तेव्हा बढती देऊन त्यांना सर्वांत वरच्या मजल्यावर 'मार्गदर्शक कक्षा'त बसवलं. आया लिफ्टनं वर यायला लागल्या. मदतीला एक तरुण डॉक्टर दिली होती, उत्कर्षा वानखेडे, वाशिमकडची. ती फार बोलत नसे. बाईंना ती आवडण्याचं हे एक कारण. दुसरं कारण शोधायची त्यांना गरज वाटली नव्हती.

एक दिवस अपूर्वा नावाची आई तिच्या गंधारला घेऊन आली. काही महिन्यांचं बाळ, खोकला होता, बाकी खेळतं. बाईंनी छाती ऐकली, पाठ ऐकली आणि नेहमीचं वाक्य म्हटलं. अपूर्वानं बाळाला टोपी घातली. उत्कर्षानं सवयीनं आपली नळी एकदा त्याच्या छातीला लावली आणि तशीच थांबली.

"मॅडम, परत एकदा ऐकता का?"

बाईंना कुणी 'परत' म्हटल्याला युगं लोटली होती. त्यांनी नळी लावली. जागा बदलली, पुन्हा लावली. काही नाही. उत्कर्षाचा चेहरा मात्र ऐकणाऱ्या माणसाचा होता. शेजाऱ्यांचं अस्पष्ट बोलणं, बिघडलेली म्हणून दोनदा बदललेली दाराची घंटा, हळू आवाजात बातम्या द्यायची वाहिन्यांची नवी पद्धत, या सगळ्याचा अर्थ बाईंना त्या मिनिटाला लागला. नळी गळ्यात टाकून त्या आईकडे वळल्या.

"दूध पिताना घाम येतो का याला?"

येत होता. अपूर्वाला वाटलं होतं, उकाड्यामुळे. पिता पिता दमून थांबतो का? थांबत होता. वजन? ते वाढेनासं झालं होतं. सासूबाई म्हणाल्या होत्या, वडिलांच्या वळणावर गेलाय.

"हे बघा," बाई म्हणाल्या, "मी आत्ता काही झालेलं नाही म्हटलं ते चूक होतं. मला ऐकू आलं नाही, हिला आलं. बाळाच्या हृदयात बहुतेक भोक आहे. बरं होतं ते. पण तपासणी आजच करायची."

अपूर्वा रडायला लागली तेव्हा बाईंनी गंधारला स्वतःकडे घेतलं. तपासणीत भोक निघालं, पुढे ऑपरेशन झालं आणि गंधार तब्येतीनं असा सुधारला की वडिलांचं वळण कायमचं सुटलं.

दुसऱ्या दिवशी बाईंनी सांगून टाकलं की यापुढे तपासणार नाही. दिग्विजयचा आनंद लपेना. पण बाईंनी दारावर लावायचा मजकूरही आणला होता: 'डॉ. रिसबूड यांना कमी ऐकू येते. मुले डॉ. वानखेडे यांना दाखवावीत.' त्याचा चेहरा उतरला. त्यानं सुचवलं की मॅम कुटुंबाला वेळ देण्यासाठी निवृत्त होताहेत, असं म्हणू. कुठल्या कुटुंबाला, असं बाईंनी विचारलं. वैजनाथला खरंच वाईट वाटलं. तो म्हणाला, "बाई, मशीन घ्या की कानाला. मी आणतो, भारीतलं."

"मी माझं घेईन. टीव्हीला पुरेल. लेकरांच्या छातीला तिचे कान बरे."

निरोपाचा मोठा समारंभ झाला. प्रमुख पाहुण्यांनी सगळा वेळ स्वतःच्या बालपणावर भाषण केलं, बाईंवर तीन शाली पडल्या. उत्कर्षा थोडे दिवस टिकली. मग तिच्याकडचीही मुलं फाइलीशिवायच घरी जायला लागली आणि तिला बढती द्यायला वर मजला उरला नव्हता. तिनं धायरीत छोटा दवाखाना काढला. जागा वैजनाथनं दिली, बाईंनी अधूनमधून यावं एवढ्याच बोलीवर.

बाई रिक्षानं जातात. उत्कर्षा आत तपासते, त्या बाहेर आयांच्या मधोमध बसतात, घाम, झोप, दूध विचारतात, आणि काही वेगळं वाटलं तर दारातून आत हाक मारतात. कानाला यंत्र आहे, उत्तम चालतं. एखादी आजी आपल्या घराण्यातल्या सगळ्या बाळांची बाळसं सांगायला बसली की बाई ते शांतपणे काढून पर्समध्ये ठेवतात आणि आजींकडे बघून मान डोलावत राहतात.