सामान अंगावर आलं

खांबावर चढायच्या आधी मामा कपडे उतरवायचे. हसू नका, सांगतो. ते भोकरदनकडच्या आमच्या वस्तीचे वायरमन आणि मी उपकेंद्रातला ऑपरेटर. त्यांनी फोनवर "बंद कर" म्हटलं की मी लाइन बंद करायचो. पूर्वी तेवढ्यानं भागायचं.

मग वस्तीवर सौर पॅनेल आले, बॅटऱ्या आल्या, चार घरांच्या भिंतींवर एकेक पेटी बसली. ही पेटी स्वतःच लाइनचा अंदाज घेते. वीज कमी पडली तर सोडते, जास्त झाली तर आवरते. वरून हुकूम नको. नवी पेटी जोडली तरी कोणाला कळवायला नको, ती आपोआप बाकीच्यांत मिसळते, असं बसवणारा कौतुकानं सांगून गेला. मी लाइन बंद केली तरी वस्तीवर पंखे फिरायचे. लोक खूश!

मामा मात्र पेट्यांकडं वाकड्या नजरेनं बघायचे. "पहिले एक मालक होता. आता घरोघरी मालक. तू बंद केलं, ह्यांनी केलं का?"

म्हणून ते चारही पेट्यांचे खटके स्वतः पाडायचे आणि प्रत्येकावर काहीतरी अडकवायचे. टोपी, टॉवेल, डब्याची पिशवी, शर्ट. मामाचं सामान दिसलं की खटक्याला पोरंसुद्धा हात लावायची नाहीत. काम संपलं की सगळं गोळा करून मला फोन: "सामान अंगावर आलं. सोड लाइन."

"मामा, अजून एक पेटी वाढली की पँट उतरवावी लागंल," मी एकदा म्हणालो.

"तेवढी इज्जत राहू दे रे बाबा!"

आग लागो माझ्या जिभेला.

मामा एक दिवस पाहुण्यांकडं जालन्याला गेल्ते. त्याच दिवशी गुरुजींच्या गोठ्यावर पाचवी पेटी बसली. गुरुजींना वाटलं, वायरमनला ठाऊक असणारच. दुसऱ्या दिवशी तार ढिली झाली. मी लाइन बंद केली, मामांनी चार खटके पाडले आणि बनियनवर चढले. पाचवी पेटी त्याच तारेत वीज सोडत होती. मामा खांबावरच जिवानिशी गेले. त्यांना उतरवायला ती पेटी तारेपासून तोडली.

संध्याकाळी साहेबांचा फोन आला. "लाइन सोडा, लोक ओरडून राह्यले."

"साहेब, सामान अंगावर आलं न्हाई," मी म्हणालो.

"काय बोलता?"

चार भिंतींवर टोपी, टॉवेल, पिशवी, शर्ट तसंच लटकलेलं होतं. मी बटणावर हात ठेवून ढसाढसा रडलो. खिडकीतून लांब वस्तीवर एकच दिवा दिसत होता, गुरुजींच्या गोठ्यातला. त्यानं कोणालाच विचारलं नव्हतं.