कारभारीचं डेटा सेंटर आणि कुरडयांचे गहू

मुकुंदवाडीत फोन बिघडला की लोक कारभारीकडं जायचे. घराच्या पुढच्या खोलीत त्याचं दुकान. फोन खोलला की तो आतला बोर्ड ओठाला लावायचा आणि कुठली चिप तापतेय ते बिनचूक सांगायचा. तेवढ्यावर थांबला असता तर घरात शांतता होती.

पण ऐन एप्रिलात बातमी आली. मोबाइलच्या चिप बनवणारी एक मोठी कंपनी आता एआयच्या डेटा सेंटरात उतरणार होती. कारभारीनं ती शेजारच्या गिरणीवाल्या साहेबरावांना वाचून दाखवली.

"आपल्यालाबी वाढाया पाहिजे आता."

"ती कंपनी चिप बनवती. तू बदलतो," साहेबराव म्हणाले.

"कालपर्यंत मोबाइलमधीच व्हती ना? मीबी मोबाइलमधीच हाय."

यावर साहेबरावांनी गिरणी चालू केली.

आठ दिवसांत त्याच्या बायकोची, सुगंधाबाईंची, ताटं पोत्यात गेली आणि त्यांच्या स्टीलच्या मांडणीत ताटांच्या जागी चाळीस जुने फोन उभे राहिले. दारावर फ्लेक्स लागला, 'कारभारी एआय डेटा सेंटर'. गिऱ्हाइकानं काही विचारलं की उत्तर एकच फोन द्यायचा, बाकीचे एकोणचाळीस नुसते तापायचे. कितीतरी मोठ्या ऑफिसांचा कारभार असाच चालतो, त्यामुळं कारभारीला त्यात काही वावगं वाटलं नाही. तापतात म्हणून त्यानं मांडणीसमोर कूलर लावला.

त्याच आठवड्यात सुगंधाबाईंनी कुरडयांचे गहू भिजत घातले होते. घरच्या आणि लेक अक्षदाच्या सासरच्या, अशा वर्षभराच्या. गहू तीन दिवस भिजवायचे आणि रोज पाणी बदलायचं, नाहीतर वास मारतो. नळाला पाणी आठव्या दिवशी. म्हणून त्यांनी एक ड्रम झाकून राखून ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी झाकण काढलं तर तळाशी तांब्याभर पाणी.

कारभारी कूलरसमोर बसला होता.

"ड्रमातलं पाणी कुठं गेलं?"

"सेंटरला लागतं. सगळ्या जगात लागतं. वाच की बातमी."

"त्यांच्या नळाला कोणत्या वारी येतं पाणी, ते लिवलंय का बातमीत?"

कारभारीनं बातमी पुन्हा चाळली. लिहिलेलं नव्हतं.

"मग विचारा तुमच्या सेंटरला, माझ्या गव्हाचं काय करू."

त्यानं खरंच विचारलं. फोननं गोड आवाजात सांगितलं की पाणी जपून वापरावं.

सुगंधाबाईंनी कूलरचं बटण बंद केलं, मांडणीतला एकेक फोन काढून टेबलावर ठेवला आणि दोन रिकाम्या कळश्या कारभारीच्या पुढ्यात आणून ठेवल्या. बोर्डाचा ताप ओठानं ओळखणाऱ्याला हा ताप मात्र आत्ता कळला.

साहेबरावांच्या बोअरवरून त्यानं सात खेपा केल्या. गिऱ्हाइकं दारात उभी राहून बघत होती. सातव्या खेपेला साहेबरावांनी विचारलं, "काय कारभारी, लई वाढला का धंदा?"

"भरा ना कळशी," कारभारी म्हणाला.

गहू वाचले. चौथ्या दिवशी चीक शिजला, गल्लीतल्या बाया साचे घेऊन गच्चीवर जमल्या, आणि वाळवणाला प्लास्टिक कमी पडलं. सुगंधाबाईंनी दारावरचा फ्लेक्स उतरवला, धुतला आणि उलटा अंथरला. उन्हात अक्षरं मागून पुसट दिसत होती. 'सेंटर'वर अक्षदाच्या सासरच्या कुरडया पडल्या.

राखणीला कारभारीलाच बसवलं होतं. कावळे हाकायला.