एकवीस प्रवासी, सव्वीस रिफंड

निवृत्त झालो तेव्हा ऑफिसनं मला एक भिंतीवरचं घड्याळ दिलं. ते कधीच बंद पडलं. किस्से मात्र अजून चालू आहेत! रविवारी बसवनगुडीत आमच्या घरी चार मित्र कॉफीला जमले की एकातून दुसरा निघत जातो, आणि त्यातले निम्मे तरी आमच्या अण्णांचे असतात.

पन्नास-साठच्या दशकातली गोष्ट. बेंगळुरात एका विमान कंपनीच्या शहरातल्या ऑफिसात मी ज्युनिअर क्लार्क होतो आणि अण्णा काउंटरचे इनचार्ज. माझ्यासारखेच इथल्या जुन्या मराठी घरातले, त्यामुळे बोलताना मधूनच कन्नड. विमानं तेव्हा लहान असत. प्रवासी आधी ऑफिसात येत, सामानाबरोबर स्वतःही काट्यावर उभे राहत आणि मग कंपनीच्या बसनं विमानतळावर जात. प्रत्येकाचं वजन अण्णा यादीत लिहीत. पण खरी यादी त्यांच्या डोक्यात असायची!

*

एकदा आम्ही दोघं चिकपेटेत कापड घ्यायला गेलो होतो. समोरून एक गृहस्थ येत होते. अण्णा थांबले.

"तुम्ही जानेवारीत हैदराबादला गेला होता. एकशे बावन्न पौंड. आता सात उतरलेत. बरं नव्हतं काय?"

गृहस्थ दुकानाचा खांब धरून उभेच राहिले. टायफॉइडमधून उठून त्या दिवशी पहिल्यांदा घराबाहेर पडले होते!

पुढं गेल्यावर मी विचारलं, "अण्णा, कोण हो ते? नाव काय?"

"नाव कुठं लक्षात राहतंय रे!"

*

पावसाळ्यात एकदा मुंबईचं विमान सकाळी उडालं. पुढं ढगांनी वाट अडवली आणि तीन तास भिरभिरून ते परत बेंगळुरातच उतरलं. दोन दिवस दुसरं विमान नव्हतं. एकवीस प्रवासी ऑफिसात येऊन बसले, प्रत्येकाचं मुंबईत काहीतरी अडलेलं. रिफंड द्यायचा तर तिकीट पाहिजे. आणि विमानात चढताना गोळा केलेल्या तिकिटांचा अख्खा गठ्ठा मी चुकून मद्रासच्या टपालाच्या थैलीत टाकला होता. हो, मीच! तो पुढं कुठं गेला, आजतागायत कळलेलं नाही.

थैली कुणी बांधली, हे अण्णांनी विचारलंसुद्धा नाही. म्हणाले, "मुंबई ऑफिसची मंजुरी यायला महिना लागेल. ह्या लोकांना संध्याकाळची गाडी गाठायची आहे. माझ्या सहीनं आजच देऊन टाकू."

मंजुरी आली नाही तर पैसे त्यांच्या पगारातून जाणार, आणि नोकरीही जाणार, हे आम्हा दोघांना ठाऊक होतं. अण्णांच्या घरी तीन मुली शिकत होत्या.

*

तिकिटाशिवाय पैसे मिळतात, ही बातमी गल्लीभर व्हायला कितीसा वेळ लागणार? दुपारपर्यंत एकवीस प्रवाशांचे सव्वीस झाले!

अण्णांनी सकाळची यादी काढली आणि सगळ्यांना पुन्हा एकेक करून काट्यावर उभं केलं.

सुटाबुटातल्या एका गृहस्थांनी छाती काढून नाव सांगितलं. यादीत त्या नावापुढं एकशे अठरा पौंड होते. काटा एकशे एकाहत्तरवर जाऊन थांबला.

"मधे जेवण झालं माझं," गृहस्थ म्हणाले.

अण्णांनी हात जोडले. "असलं जेवण कुठं मिळतं ते सांगा साहेब, आम्हीही येतो!"

रांगेतले आणखी चौघं काट्यापर्यंत आलेच नाहीत.

*

त्याच रांगेत साठीच्या एक अक्का होत्या. मुंबईत मुलगी बाळंत झालेली. काट्यावर त्या सकाळपेक्षा नऊ पौंड कमी भरल्या. मी नियमावर बोट ठेवून म्हणालो, "ह्या त्या नव्हेत." अक्कांचे डोळे भरून आले.

अण्णा हळूच म्हणाले, "अक्का, लाडू कुठं आहेत?"

अक्का लाजून चूर! सामानाचे जादा पैसे पडू नयेत म्हणून सकाळी त्यांनी डिंकाचे लाडू शालीखाली कमरेला बांधले होते. आता ते बाहेर जटक्यात, म्हणजे इथल्या टांग्यात, ठेवून आल्या होत्या.

"तुम्हाला सकाळीच कळलं होतं?" अक्कांनी विचारलं.

"वास येत होता की! बाळंतिणीच्या खाऊचं वजन कंपनी धरत नाही. सरी, झालं तर, इथं सही करा."

खरं सांगतो, त्या क्षणी मला त्या माणसाच्या पाया पडावंसं वाटलं.

*

महिन्याभरानं मुंबईचं पत्र आलं. 'प्रवासी तीन तास विमानात होते. तेवढ्या प्रवासाचे पैसे का कापले नाहीत?'

अण्णांनी उत्तर पाठवलं, 'प्रवासी बेंगळुरात चढले आणि बेंगळुरातच उतरले. एवढ्या अंतराचं तिकीट बसवालाही फाडत नाही.'

ह्यावर उत्तर आलं नाही. मुंबईहून थेट साहेबच आले!

*

साहेबांच्या काखेत जाडजूड फाईल होती. तिच्यात सगळ्यात वर अण्णांना नोकरीवरून काढायचा कागद, टाइप करून तयार. फक्त सही राहिली होती.

"वजन करून पैसे वाटलेत? ही काय लाकडाची वखार आहे?"

"तिकिटं हरवली होती साहेब. नाव कुणीही सांगतं. वजन सांगता येत नाही."

"कुणाच्या हातून हरवली?"

"ऑफिसच्या," अण्णा म्हणाले. माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही.

"एवढी जर वजनाची पारख असेल, तर नुसतं बघून माझं सांगा. चुकलात तर सही आत्ता, इथंच!"

अण्णांनी साहेबांना बुटांपासून टोपीपर्यंत एकदाच पाहिलं. "एकशे एकसष्ट."

साहेब तरातरा जाऊन काट्यावर उभे राहिले. काटा हलला, डुलला आणि थांबला. एकशे चौसष्ट!

साहेबांनी हसत खिशातलं पेन काढलं. थैली मी बांधली होती, असं ओरडून सांगावंसं वाटत होतं, पण मी काउंटरमागंच उभा राहिलो.

"स्वल्प थांबा, साहेब," अण्णा म्हणाले. "काखेतली फाईल तेवढी खाली ठेवा."

साहेबांनी वाकून फाईल जमिनीवर ठेवली. काटा परत हलला आणि एकशे एकसष्टवर येऊन थांबला.

साहेबांनी काटा वाकून वाचला. मग पेन खिशात ठेवलं, कोट नीट केला आणि काट्यावरून उतरून बाहेर बसकडे चालायला लागले.

फाईल तिथंच राहिली!