फादरचं घड्याळ आणि काशीचं पंचांग

तीन माणसं रोज एकाच ओट्यावर बसली की किस्से साठतातच, सकाळी झाडून काढावेत तर संध्याकाळी पुन्हा तेवढेच! आमचा ओटा मुरबाडजवळच्या मिशन दवाखान्याचा. मी तिथला कंपाउंडर. दवाखाना चालवणारे गोरे फादर आणि गावचे जोशीबुवा हे माझे सोबती. काळ दुसऱ्या महायुद्धाच्या आधीचा.

*

फादरना आकाशाचा नाद. त्यांनी विलायतेहून मागवलेली दुर्बीण कल्याणहून बैलगाडीतून आली. दुसऱ्याच दिवशी शेजारच्या वैशाखरे गावची एक म्हातारी खोकला घेऊन आली. फादरनी स्टेथोस्कोप काढला, तर तो बाजूला सारून म्हणाली, "ती बारकी नळी नको रे बाबा. मोठी लाव."

समजावून थकल्यावर फादरनी दिवेलागणीला तिला दुर्बिणीतून चांद दाखवला. तिला म्हणे बरं वाटलं. मग काय, माझ्या भरलेल्या बाटल्या तशाच पडून राहिल्या. पेशंट म्हणायचे, "औषध नको, चांद दाखवा!"

*

जोशीबुवांना फादरनी शनी दाखवला. बुवांनी नळीला डोळा लावला, टोपी काढली, घरी गेले आणि पळीभर तेल आणून दुर्बिणीवर वाहिलं! फादर ओरडले. बुवा शांतपणे म्हणाले, "इतक्या जवळून दर्शन झालं, तेल नको वाहायला?"

पुसायचं काम अर्थात माझ्याकडे आलं.

*

फादरचा आवडता विषय चीन. फार पूर्वी त्यांच्या पंथाचे पाद्री तिथल्या बादशहाच्या दरबारी होते. दरबारच्या ज्योतिष्यांनी ग्रहणाची एक वेळ सांगितली, पाद्र्यांनी दुसरी. पाद्र्यांची खरी ठरली आणि पंचांगाचं सगळं खातं त्यांच्या हाती आलं. "पुढे दरबाराने आमच्या माणसांना बेड्याही घातल्या," फादर म्हणाले, "पण गणित आमचं बरोबर होतं."

बुवांनी सुपारी कातरता कातरता विचारलं, "आणि त्या हरलेल्या ज्योतिष्यांच्या घरी चूल कशी पेटली?"

"ते पुस्तकात नाही."

"पुस्तक तुमचंच ना!"

त्या दिवशी गप्पा लवकर आटोपल्या.

*

मग सूर्यग्रहण आलं. बुवांच्या जावयाने त्या साली काशीहून पंचांग आणलं होतं. बुवांनी त्यातली काशीची वेळ जशीच्या तशी गावाला सांगितली. फादर म्हणाले, काशी इथून दूर पूर्वेला, इथे ग्रहण त्याच्या थोडं आधी लागेल.

चीनची गोष्ट पाटलांच्या कानावर गेलीच होती. त्यांनी जाहीर केलं, "फादरची वेळ खरी निघाली तर बुवांना खळ्यावरचं भात नाय." बुवांचं घर वर्षभर त्या भातावर चालायचं. फादर मात्र खुशीत. "अगदी चीनसारखं!" मला म्हणाले.

ग्रहणाच्या सकाळी गाव नदीकाठी जमलं. परातीत हळदीचं पाणी, पाण्यात सूर्य. घड्याळ एकच, फादरच्या खिशातलं. बुवा जप करत होते, पण माळेचा मणी पुढे सरकत नव्हता. मागे उभ्या त्यांच्या बायकोने परातीकडे पाहिलंच नाही. मला फार वाईट वाटलं.

परातीतल्या सूर्याची कड तुटली. पाटील म्हणाले, "फादर, किती वाजलं? तुमी सांगाल ते आमी धरू."

फादरनी घड्याळ काढलं. बुवांकडे पाहिलं. मग घड्याळ कानाला लावून म्हणाले, "बंद पडलंय."

"मग कसं ठरवायचं?" पाटील म्हणाले. "जाऊ द्या. बुवांचं भात हाय तसं चालू ठेवा."

ग्रहण सुटलं तसे सगळे नदीत उतरले. बुवांनी फादरचा हात धरला. "चला, तुम्हीसुद्धा. ग्रहणाचं स्नान चुकवू नये."

फादरनी झगा उतरवला आणि घड्याळ माझ्या हातात दिलं. ते व्यवस्थित टिकटिक करत होतं. मी झाकण लावलं आणि खिशात टाकलं.